चार रात्री रोममध्ये, पंधरा वर्षांच्या लेकीसोबत

पत्र: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी १५ वर्षांची लेक, दोघीच रोमला जाणार आहोत. दोघींचीही युरोपची ही पहिलीच वेळ. शुक्रवारी दुपारी १ वाजता विमान उतरतं, परतीचं मंगळवारी दुपारी ४ चं आहे. मी ठरवलेलं असं: शुक्रवारी संध्याकाळी कोलोसियम. शनिवारी रोमन फोरम, पँथिऑन, त्रेवी कारंजं, स्पॅनिश पायऱ्या आणि बोर्गेझे गॅलरी. रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं आणि सेंट पीटर्स. सोमवारी पहाटेच्या गाडीने फ्लॉरेन्स, मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघून रात्री परत. लेक म्हणते, ‘तू जा, मला नाही बघायचे पडके दगड.’ तिला चित्रं काढायचा नाद आहे, दहाच्या आधी तिचे डोळे उघडत नाहीत, आणि आम्ही दोघी शाकाहारी आहोत. तिला कसं तयार करू? आणि माझ्या आखणीत काही चुकतंय का? – एक आई

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

तुमचे दोन दिवस बंद दारासमोर जाणार आहेत. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट असतो, पण तुमचा रविवार दुसऱ्या आठवड्यातला. सोमवारची गत तीच. डेव्हिड ज्या अकादेमिया गॅलरीत उभा आहे ती सोमवारी बंद असते, आणि ‘मग उफ्फिझी तरी बघू’ म्हणाल तर तीही सोमवारीच बंद. बोर्गेझेचीही सुट्टी सोमवारचीच, म्हणजे ती ऐनवेळी सोमवारवर ढकलायची सोयही नाही. युरोपातल्या कुठल्याही शहराची आखणी करताना आधी कागदावर वार लिहायचे, प्रत्येक वाराखाली त्या दिवशी काय बंद आहे ते लिहायचं आणि मगच ठिकाणं भरायची. बहुतेक जण उलट करतात.

शुक्रवारचं कोलोसियमही काढून टाका. एकला विमान उतरलं तरी पासपोर्टची रांग, सामान, शहरात पोहोचणं, खोली ताब्यात घेणं यात चार-साडेचार सहज वाजतात. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमेवर आता शिक्क्याऐवजी फोटो घेऊन संगणकात नोंद होते आणि पहिल्यांदा येणाऱ्याला त्यात वेळ लागतो. कोलोसियमचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं. वेळ चुकली की पैसे गेले, आणि विमान उशिरा आलं हे कारण दारावर चालत नाही. उतरण्याच्या दिवशी वेळेचं तिकीट काढायचंच नाही.

रोमचं जुनं शहर छोटं आहे. कोलोसियमपासून पँथिऑनपर्यंत रमतगमत चाललात तरी अर्ध्या तासात पोहोचाल. तिथे वेळ जातो तो रांगेत: सुरक्षा तपासणीची रांग, तिकिटाची रांग, स्वच्छतागृहाची रांग. म्हणून माझा हिशोब साधा आहे, दिवसाला वेळेचं तिकीट एकच. बाकी सगळं सुटं, पायी, जमलं तर. तीन पूर्ण दिवस, तीन तिकिटं: शनिवारी बोर्गेझे, रविवारी कोलोसियम, सोमवारी व्हॅटिकन. फ्लॉरेन्स या खेपेला नाही. जाऊन-येऊन तीन तास गाडीत घालवून बंद दार बघण्यापेक्षा ते पुढच्या वेळेसाठी राहू द्या.

आता लेक. तिची समजूत काढत बसू नका. पंधराव्या वर्षी ‘तिथे किती छान आहे’ हे आईकडून ऐकलं की उलटाच परिणाम होतो. समजूत घालण्याऐवजी तिच्या हातात ठोस अधिकार द्या आणि तुमच्या अटीही आधीच सांगून टाका. तीन तिकिटं ठरलेली, त्यावर चर्चा नाही. दोन सकाळी ती साडेनऊपर्यंत झोपेल, एक सकाळ मात्र साडेसहाला उठावं लागेल, ती सोमवारची, आणि हे तिला आजच माहीत असेल. रस्ता दाखवायचं काम चारही दिवस तिचं. चुकली तर चुकू द्या, पाचेक मिनिटं कळ काढा, रोममध्ये चुकीच्या गल्लीतही काही ना काही निघतंच. आणि सोमवारची दुपार व संध्याकाळ पूर्ण तिची: ५० युरो तिच्या हातात द्यायचे, त्यात दोघींचं खाणं, आईस्क्रीम, तिकिटं सगळं बसवायचं, कुठे जायचं ते ती ठरवणार आणि तुम्ही मागून चालणार. ‘काही नको, नुसतं चौकात बसू’ असं ती म्हणाली तर तेही मान्य करायचं, तोंड वाकडं न करता. ही शेवटची अट तुमच्यासाठी आहे आणि तीच सगळ्यात अवघड.

शुक्रवारी खोलीत सामान टाका आणि बाहेर पडा. आडवं व्हायचं नाही, नाहीतर रात्री तीनला दोघी टक्क जाग्या. त्रेवी, पँथिऑनचा बाहेरचा चौक, पियाझ्झा नवोना, एवढाच फेरा. ऑक्टोबरात साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्रेवीला त्या वेळी खांद्याला खांदा लागलेला असतो, म्हणून तिथे रेंगाळू नका. लेकीला कारंज्याचा निवांत फोटो हवा असेल तर तो सकाळी सातला मिळतो. दहाला उठणाऱ्या माणसाने ठरवावं.

शनिवारी बोर्गेझे, ११ ची वेळ घ्या. चित्रं काढणाऱ्या मुलीसाठी रोममधलं हे सगळ्यात मोलाचं ठिकाण, आणि सगळ्यात आधी संपणारं तिकीटही हेच. आरक्षणाशिवाय प्रवेश नाही, माणसं मोजून आत सोडतात आणि दोन तासांनी बाहेर काढतात. १८ वर्षांखालच्यांना इटलीच्या सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, देश कुठलाही असो. इथे तिचं फक्त २ युरो आरक्षण शुल्क भरावं लागतं. पण तिचं नाव आरक्षणात घालावंच लागतं, ‘मोफत आहे ना’ म्हणून सोडून दिलं तर दारात अडवतात. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. पिशव्या खाली जमा कराव्या लागतात, त्यासाठी अर्धा तास आधी पोहोचा.

आत गेल्यावर सगळ्या खोल्या संपवायचा हट्ट धरू नका. शिल्पकार बर्निनीचे दोन पुतळे नीट बघितले तरी दोन तास कारणी लागले. ‘अपोलो आणि डॅफ्नी’ हा १६२२ ते १६२५ मधला: अपोलो देव पाठलाग करतोय आणि डॅफ्नीचं झाड होतंय. तिला आधी अपोलोच्या पाठीमागे उभं करा. तिथून नुसता धावणारा पुरुष दिसतो. मग हळूहळू बाजूने फिरत पुढे या: डॅफ्नीच्या बोटांच्या टोकांतून पानं फुटलेली, पायाच्या बोटांची मुळं होऊन जमिनीत शिरलेली, कमरेवर साल चढत आलेली. पानं इतकी पातळ कोरली आहेत की त्यांतून उजेड झिरपतो. दुसरा पुतळा पाताळाचा देव प्लुटो प्रोसर्पिनाला पळवून नेतानाचा. प्लुटोची बोटं तिच्या मांडीत रुतलेली आहेत आणि बोटांभोवती संगमरवर मऊ मांसासारखा दबलाय. तिच्या गालावर अश्रूही आहे. हा पुतळा पुरा झाला तेव्हा बर्निनी २३-२४ वर्षांचा होता. हे वय लेकीला सांगायला हरकत नाही, पण एकदाच. बाहेर बागेत छोटं तळं आहे, तिथे वल्हवायच्या होड्या मिळतात. मावळतीला पिंचो टेकडीच्या गच्चीवर जा, तिथून स्पॅनिश पायऱ्या चालत दहा-पंधरा मिनिटांवर. त्या पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, बसलं की शिपाई शिट्टी मारतात आणि दंडही होऊ शकतो.

रविवारी कोलोसियम दुपारी ३ ला. कारण सांगते. सकाळच्या वेळा सहलीच्या गटांनी भरलेल्या असतात, आणि तुमची लेक झोपलेली असते. रविवारी फोरमजवळून जाणारा रुंद रस्ता, व्हिया देई फोरी इम्पेरियाली, वाहनांना बंद असतो, तेव्हा भर रस्त्यातून चालत या. आधी कॅपिटोलिन टेकडीवर, कांपिडोल्योच्या चौकामागे जा. तिथल्या कठड्यावरून सगळं फोरम पायाखाली दिसतं, तेही फुकट. आराखडा वरून एकदा डोळ्यांत बसला की मग खाली चालताना ते नुसते ‘पडके दगड’ राहत नाहीत.

कोलोसियमचं तिकीट १८ युरोचं, २४ तास चालतं आणि त्यातच फोरम व पॅलाटाइन टेकडी येते. लेकीला मोफत, पण तिचंही तिकीट त्याच वेळी काढायचं. तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि ते पासपोर्टशी ताडून बघतात. नावात एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी वाद होतो, म्हणून पासपोर्टवरूनच उतरवून घ्या. विक्री ३० दिवस आधी सुरू होते. त्या दिवशी अधिकृत साइटवर बसा. शोधयंत्रात सगळ्यात वर येणाऱ्या साइट बहुधा पुनर्विक्रेत्यांच्या असतात, तेच तिकीट दुप्पट-तिप्पट भावाने. तळघरात नेणारं वेगळं तिकीटही असतं आणि ते बघता बघता संपतं. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर त्यासाठी भरमसाट पैसे मोजू नका, तळघराचे कप्पे वरच्या मजल्यावरून बरेचसे दिसतात.

आत जाण्याआधी बाहेरून, उत्तरेच्या बाजूने बघा. कमानींच्या वर रोमन आकडे कोरलेले आहेत. मुळात खालच्या ८० कमानींपैकी ७६ ना क्रमांक होते, आज २३ ते ५४ शिल्लक आहेत. इसवी सन ८० मध्ये प्रेक्षक ज्या क्रमांकाच्या दारातून जायचं तो क्रमांक घेऊनच यायचे, आजच्या स्टेडियमसारखंच. आणि भिंतीवरची असंख्य भोकं गोळ्यांची नाहीत. दगड एकमेकांना धरून ठेवणारे लोखंडी आकडे मध्ययुगात लोकांनी उपटून नेले, त्यांच्या या खुणा. सव्वाचारला बाहेर पडून फोरमकडे वळा. ऑक्टोबरात ते साडेसहाला बंद होतं, शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी, आणि प्रवेश एकदाच, म्हणजे मध्येच खायला बाहेर पडलात तर परत आत नाही. काचेची बाटली आणि मोठी सॅक तपासणीत अडते.

सोमवारी व्हॅटिकन, सकाळी ८ ची पहिली वेळ. लवकर उठण्याचा दिवस हाच, कारण इतर बरीच संग्रहालयं बंद असल्याने सोमवारी सगळं शहर इथेच येतं आणि दहानंतर, मायकेलअँजेलोने छत रंगवलेल्या सिस्टीन चॅपेलमध्ये मान वर करायला जागा मिळते, पुढे सरकायला नाही. हा वेगळा देश, इटलीची सवलत इथे लागू नाही. तुमचं तिकीट २० युरो अधिक ५ युरो ऑनलाइन आरक्षणाचे, लेकीला सवलतीचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आखूड चड्डी घालून आलेल्यांना परत पाठवतात. एक पातळ ओढणी पिशवीत असू द्या. मेट्रो अ मार्गावर ओत्ताव्हियानो स्थानकाला उतरा, पुढे दहा मिनिटं चाल. नकाशांच्या दालनात वर बघायला विसरू नका. राफाएलच्या खोल्यांत ‘स्कूल ऑफ अथेन्स’जवळ दहा मिनिटं द्या. चित्रात पुढच्या बाजूला ठोकळ्यावर कोपर टेकून लिहीत बसलेला उदास माणूस राफाएलने नंतर घातला, चेहरा मायकेलअँजेलोचा मानतात. सिस्टीनमध्ये फोटोला सक्त मनाई आहे, लेकीला आधीच सांगून ठेवा. बाहेर पडताना जो दुहेरी गोल जिना लागतो त्याचा फोटो घेता येतो. बहुतेक मुलांना तोच जास्त आवडतो, त्यात वावगं काही नाही.

त्याच दिवशी सेंट पीटर्सला जाऊ नका. सिस्टीनमधून थेट बॅसिलिकात उतरणारा दरवाजा गाइडसोबतच्या गटांसाठी असतो, त्याच्या भरवशावर राहायचं नाही. बाहेरून भिंतीला वळसा घालून गेलात तर पंधरा-वीस मिनिटं चाल आणि भर दुपारी सुरक्षेची लांबलचक रांग. खोलीवर परत जा, तासभर पाय पसरा. मग लेकीची दुपार.

तिला कुठे जायचं सुचलं नाही तर ही यादी तिच्या फोनवर टाकून ठेवा, म्हणजे निवड तिचीच राहील. संत इग्नात्सियोचं चर्च: छतावर घुमट दिसतो तो घुमटच नाही, आंद्रेआ पोझ्झोने १६८५ मध्ये सपाट कापडावर रंगवलेला भास आहे. जमिनीवरच्या संगमरवरी चकतीवर उभं राहिलं की तो खरा वाटतो, दोन पावलं बाजूला सरकलं की वाकडा होतो. स्पादा गॅलरी: सोमवारी उघडी, मंगळवारी बंद. तिथल्या अंगणात वास्तुकार बोरोमिनीने बांधलेली खांबांची वाट लांबलचक वाटते, प्रत्यक्षात सुमारे ९ मीटरची आहे. जमीन चढत जाते, छत उतरत येतं, खांब लहान होत जातात, आणि टोकाचा भव्य पुतळा माणसाच्या कमरेएवढासुद्धा नसतो. पर्स्पेक्टिव्ह शिकणाऱ्या मुलीला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. सान लुइजी चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. दिवा नाणं टाकल्यावरच लागतो, म्हणून १ युरोची नाणी सुटी ठेवा, आणि दुपारी ते काही तास बंद असतं. पँथिऑनला २०२३ पासून तिकीट आहे, १८ खालच्यांना मोफत. पाऊस असेल तर मुद्दाम जा: घुमटाला वर भोक आहे, पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून पायी वीसेक मिनिटांच्या आत आहेत.

राहायला मोंती भाग निवडा. कोलोसियम पायी, कावूर मेट्रो जवळ, तेर्मिनी स्थानक एका थांब्यावर. त्रास्तेव्हेरे फोटोंत छान दिसतं, पण तिथे मेट्रो नाही आणि रात्री गल्लीत गोंगाट असतो. हॉटेलवर शहराचा मुक्काम-कर माणशी, रात्रीगणिक, वेगळा भरावा लागतो. त्यात सूट १० वर्षांखालच्यांना आहे, तुमच्या लेकीला नाही.

विमानतळाहून लेओनार्दो एक्सप्रेस ही रेल्वे ३२ मिनिटांत तेर्मिनीला आणते, माणशी १४ युरो. टॅक्सीचा ठरीव दर जुन्या तटबंदीच्या आत कुठेही ५५ युरो, सामानासकट. दोघींना रेल्वेच परवडते. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्यांशी बोलूच नका, अधिकृत टॅक्सी पांढऱ्या असतात आणि बाहेर रांगेत उभ्या असतात. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी यंत्रात ठसा मारून घ्या. मेट्रो-बसचं साधं तिकीट १.५० युरो, १०० मिनिटं. कार्ड टेकवूनही जाता येतं, पण दोघींसाठी दोन वेगळी कार्डं लागतात. एकच कार्ड दोनदा टेकवलं तर एक जण विनातिकीट ठरते. पास घेऊ नका, या बेतात वसूल होणार नाही. चोरांचं लक्ष मेट्रो अ मार्गावर आणि ६४ क्रमांकाच्या बसमध्ये असतं, आणि त्यांना सगळ्यात सोपं सावज म्हणजे दाराजवळ उभं राहून फोन बघणारी मुलं. फोन दारापासून लांब, मागच्या खिशात कधीच नाही.

खाण्याचं एकच खरं संकट म्हणजे वेळ. स्वयंपाकघरं अडीच-तीनला बंद होतात आणि साडेसातला उघडतात. अधल्यामधल्या वेळी वजनावर विकला जाणारा पिझ्झा कामी येतो. कार्बोनारा आणि आमात्रिचियाना या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं, सुप्ली या तळलेल्या भाताच्या गोळ्यातही बहुधा खिमा असतो. मार्गेरिता, मारिनारा पिझ्झा आणि काचो ए पेपे हा चीज-मिरीचा पास्ता यांत मांस नसतं, पण काचो ए पेपेतलं पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने बनतं. पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावर नळासारखी लोखंडी कारंजी, नाझोनी, हजारोंनी आहेत आणि पाणी पिण्याचं आहे. नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उसळते, तोंड लावायला लागत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत नाही. खोळंबा होतो तो भेटीची वेळ मिळण्यात, म्हणून ती आधी घ्या. १२ वर्षांपासून पुढे पूर्ण शुल्क, ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. तुम्ही एकट्या पालक म्हणून जाताय, तेव्हा तिच्या वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र अर्जासोबत द्या आणि त्याची प्रत प्रवासातही ठेवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू हवा. हॉटेल रद्द करता येणारं घ्या. कोलोसियमची विक्री सुरू होईल तोवर व्हिसा हातात असेल असं गणित जमवा.

राहिलं सेंट पीटर्स. ते मंगळवारी सकाळी ७ ला उघडतं, त्या वेळी रांग जवळजवळ नसते, प्रवेश मोफत. एकट्या जा, लेकीला झोपू द्या. खोलीची चावी, तुमचा फोन आणि साडेनऊला परत, एवढं ठरलं की पुरे. घुमटावर जायचा तिचा हट्ट असेल तर तिला उठावं लागेल: ५५१ पायऱ्या, लिफ्टने गेलात तरी शेवटच्या ३२० चढायच्याच, आणि वरच्या टप्प्यात भिंत तिरकी होत जाते, बंद जागेची भीती असलेल्यांनी टाळावं. तुम्ही याल तोवर सामान तिने आवरायचं. बारापर्यंत तेर्मिनीहून गाडी पकडा. विमानतळाची गाडी २३-२४ क्रमांकाच्या फलाटावरून सुटते, तिथवर चालायला दहा मिनिटं धरा.